सासऱ्यांच्या बदल्या आणि कॅनडाची बंद यादी

मेपलपुरी (धागालेखिका)

गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या व्हिसाचा फॉर्म भरत बसले होते. सासरे पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात. फॉर्मवर प्रश्न आहे: सैन्यात, पोलिसात किंवा तत्सम दलात कधी होता का? 'हो' म्हटलं की मागे शेपूट लागतं. कुठल्या ठाण्यात, कुठल्या साली, हुद्दा काय, काम काय, वरिष्ठ कोण. बाबांनी तिकडून फोनवर १९७४ पासूनच्या बदल्या सांगायच्या आणि मी लिहायच्या. कऱ्हाड, वाई, मेढा, फलटण, परत कऱ्हाड. "अगं, मेढ्याला तर मी नुसता कारकुनी करत होतो," ते म्हणाले. तरी लिहिलं. नातवंडांना भेटायला यायचं आहे, वाद कोण घालणार.

आता ही गोष्ट इथे का सांगते? आम्ही वॉटर्लूला राहतो, ऑन्टारिओत. याच गावात हेल्मुट ओबरलँडर नावाचे गृहस्थ राहत. घरबांधणीचा धंदा केला, पैसा मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ते नाझींच्या ज्या तुकडीत दुभाषी होते, ती आइन्झात्सकोमांडो १०अ, म्हणजे गावोगाव जाऊन ज्यू माणसं खड्ड्यांपाशी उभी करून गोळ्या घालणाऱ्या फिरत्या पथकांपैकी एक. कॅनडात शिरताना ही माहिती लपवली म्हणून सरकारनं १९९५ मध्ये नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू केली. ती कोर्टात इतकी पुढेमागे झाली की २०२१ मध्ये ओबरलँडर ९७ व्या वर्षी आपल्या घरी वारले. स्वतः गोळ्या घातल्याचा आरोप त्यांच्यावर कधीच नव्हता, हेही सांगायला हवं.

हे निदान नाव तरी माहीत आहे. पण १९८५-८६ मध्ये कॅनडानं न्यायमूर्ती ज्यूल देशेन यांचा आयोग नेमला होता, युद्धगुन्हेगार इथे येऊन राहिलेत का हे शोधायला. ऑशविट्झ छावणीतला नाझी डॉक्टर योसेफ मेंगेले यानं १९६२ मध्ये कॅनडाचा व्हिसा मागितला होता अशी आवई उठली होती, त्यावरून मलरोनी सरकारनं तो नेमला. (मेंगेलेची गोष्ट खोटी निघाली.) आयोगाचा अहवाल दोन भागांत आला. पहिला सगळ्यांसाठी. दुसऱ्यात नावं: मुख्य यादीत ७७४, पुरवणीत ३८, आणि ७१ जर्मन शास्त्रज्ञ-तंत्रज्ञ वेगळे. एकूण ८८३. हा दुसरा भाग तेव्हापासून बंद आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये झेलेन्स्की कॅनडाच्या संसदेत आले, तेव्हा सभापतींनी गॅलरीत बसलेल्या ९८ वर्षांच्या यारोस्लाव्ह हुन्का यांची ओळख 'रशियाविरुद्ध लढलेला वीर' म्हणून करून दिली. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियाविरुद्ध लढलेला म्हणजे कोणाच्या बाजूनं, हा हिशेब त्या सभागृहात एकाच्याही डोक्यात आला नाही! हुन्का हे वाफेन-एसएसच्या (नाझींच्या एसएस संघटनेची लढाऊ फौज) १४ व्या, म्हणजे गॅलिशिया डिव्हिजनचे सैनिक. सभापती अँथनी रोटा यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडोंनी माफी मागितली. मग देशेन आयोगाचा दुसरा भाग उघडा, अशी मागणी जोरात आली. वृत्तपत्रांनी आणि ज्यू संघटनांनी माहिती अधिकाराचे अर्ज टाकले. राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारानं लोकांची मतं विचारली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं: नावं देणार नाही. परराष्ट्रसंबंध बिघडतील.

माझ्या सासऱ्यांच्या मेढ्याच्या बदलीत सरकारला रस आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एसएसवाल्यांची नावं मात्र आम्ही बघायची नाहीत. इथल्या जाणकारांचं काय म्हणणं?

---

खाऊगल्ली

वाचतेय. हुन्काचा व्हिडिओ तेव्हा व्हॉट्सॲपवर आला होता, पण मागचं हे सगळं माहीत नव्हतं.

---

बखरखोर

चांगला विषय. थोडी भर घालतो.

गॅलिशिया डिव्हिजन उभी राहिली १९४३ मध्ये. आजचं पश्चिम युक्रेन, ल्विव्हचा परिसर, युद्धाआधी पोलंडमध्ये होता. तिथल्या युक्रेनी तरुणांतून जर्मनांनी ही डिव्हिजन भरती केली. जुलै १९४४ मध्ये ब्रोडीच्या लढाईत सोव्हिएत सैन्यानं तिची वाताहत केली. उरलेसुरले पुन्हा गोळा करून लढवले आणि मे १९४५ मध्ये ऑस्ट्रियात ते ब्रिटिशांना शरण आले. ब्रिटिशांनी त्यांना इटलीत रिमिनीच्या छावणीत ठेवलं.

खरं तर याल्टा करारानुसार सोव्हिएत नागरिक परत पाठवायचे होते. पण ही माणसं १९३९ पूर्वीचे पोलंडचे नागरिक, म्हणून त्यांना सोव्हिएतांच्या ताब्यात दिलं नाही. १९४७ मध्ये सुमारे ८,००० जणांना ब्रिटननं आपल्याकडे नेलं, शेतावर राबवलं. मग १९५० मध्ये कॅनडाच्या मंत्रिमंडळानं ठराव केला: जर्मन सैन्यात होते एवढ्याच कारणावरून या युक्रेनी लोकांना नाकारायचं नाही, बाकी तपासणी करून घ्यायचं. कॅनडातल्या ज्यू संघटनेनं तेव्हाही विरोध केला होता. म्हणजे ही माणसं रात्री कुंपण ओलांडून आलेली नव्हती. मंत्रिमंडळाच्या ठरावानं, बोटीचं तिकीट काढून आली.

आणि हाच तो देश, ज्यानं १९३९ मध्ये सेंट लुई बोटीवरच्या नऊशेच्या वर ज्यू निर्वासितांना उतरू दिलं नाही. त्याआधी १९१४ मध्ये व्हँकूवरच्या बंदरातून कोमागाटा मारू परत पाठवली, ३७६ प्रवासी होते, बहुतेक पंजाबी. दोन्हींबद्दल ट्रूडोंनी माफी मागितली: कोमागाटा मारूची २०१६ ला, सेंट लुईची २०१८ ला.

अवांतर: गॅलिशियावाले शरण येण्याच्या महिनाभर आधी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडत होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ती नदी रिमिनीपासून फार लांब नाही.

---

रोखठोक

माफ करा, पण एक कळत नाही. त्या यादीतला जो सगळ्यात लहान असेल तो आज शंभरीच्या घरात असणार. बहुतेक सगळे मेलेत. आता नावं काढून काय मिळणार? त्यांच्या नातवंडांना शाळेत टोमणे? आणि रशिया टपून बसलाय 'बघा, युक्रेनी म्हणजे नाझी' म्हणायला. पुतिन युद्धाचं समर्थनच त्यावर करतो. अशा वेळी आयतं कोलीत कशाला द्यायचं?

---

काळा कोट

रोखठोक यांच्याशी निम्मी सहमत, पण कारण वेगळं.

वीस वर्षं फौजदारी वकिली करते. 'यादी' या शब्दाची मला भीती वाटते. देशेन आयोगाकडे नावं कुठून आली? संघटनांकडून, वर्तमानपत्रांतून, निनावी पत्रांतून, कुणाच्या तरी शेजाऱ्याकडून. मुख्य यादीतल्या ७७४ पैकी ३४१ जणांनी कॅनडात पाऊलच ठेवलं नव्हतं. ८६ जण तोवर वारले होते. दीडशेहून अधिक प्रकरणांत प्रथमदर्शनी पुरावाही नव्हता. तातडीनं काही करावं असं आयोगाला वाटलं ती प्रकरणं वीसच्या आसपास. नाझींचा माग काढणारे सायमन वीझेनथाल यांनी गॅलिशियाच्या २१७ अधिकाऱ्यांची यादी दिली होती, त्यातले बहुतेक कॅनडात कधी आलेच नव्हते. गुन्हेगारांचे जे मोठमोठे आकडे तेव्हा सांगितले जात होते ते फार फुगवलेले होते, असं आयोगानं स्पष्ट लिहिलं. डिव्हिजनलाही सरसकट दोषी धरता येणार नाही, प्रत्येकाचं वैयक्तिक कृत्य सिद्ध व्हायला हवं, असंही म्हटलं.

म्हणजे या ८८३ नावांमध्ये बहुसंख्य माणसं 'कुणीतरी बोट दाखवलं' इतक्याच गुन्ह्याची. ती यादी उद्या इंटरनेटवर टाकली तर 'युद्धगुन्हेगारांची यादी' म्हणूनच फिरेल. मेलेल्या माणसाला अब्रुनुकसानीचा दावाही करता येत नाही.

---

खाऊगल्ली

काळा कोट यांचं पटलं. आधी मेपलपुरीचंही पटलं होतं. माझं हे असंच आहे.

---

मेपलपुरी

@रोखठोक, @काळा कोट: युक्रेनी समाजाची भीती मी हलकी धरत नाही. पहिल्या महायुद्धात कॅनडानं साडेआठ हजारांवर लोकांना 'शत्रूराष्ट्राचे' म्हणून छावण्यांत कोंडलं, त्यातले बहुतेक युक्रेनीच होते. सरसकट संशय म्हणजे काय ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. २०२४ मध्ये नावं देऊ नका असं सांगणाऱ्यांत त्यांची मुख्य संघटना होती.

पण एक गोष्ट बघा. देशेन आयोगासाठी आल्टी रोडाल या इतिहासकार बाईंनी एक मोठा शोध-अहवाल लिहिला होता. सरकारनं युद्धानंतर या लोकांना कसं आत घेतलं, कोणाला माहीत होतं, कोणी डोळेझाक केली, असं सगळं. १९८७ मध्ये तो बाहेर आला तेव्हा पानंच्या पानं काळी केलेली. हुन्का प्रकरणानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं त्यातला बराचसा झाकलेला मजकूर उघडला.

खाली काय निघालं? एका माणसाचं प्रकरण, ज्याला अहवालात नाव न देता नुसतं अक्षर दिलंय. लॅटव्हियात पाच हजारांहून जास्त ज्यूंना मारणाऱ्या फायरिंग स्क्वाडचा तो कॅप्टन होता असा आरोप. सोव्हिएत न्यायालयानं त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवलेलं. कॅनडाचा नागरिक झालेला. त्याचं नागरिकत्व काढावं का, असा प्रश्न साठच्या दशकात सरकारात आला. तेव्हाच्या न्यायमंत्र्यांचं मत पडलं: नको, नागरिकत्व घेतलेल्या बाकी लोकांमध्ये घबराट पसरेल, आणि अर्ज करणाऱ्यानं आपल्या भूतकाळात काही वाईट केलं नाही हे सिद्ध करावं असं कायदा म्हणत नाही. न्यायमंत्री कोण? पिएर ट्रूडो. जस्टिन ट्रूडोंचे वडील.

आता मला सांगा, त्या काळ्या शाईखाली युक्रेनी आजोबांची अब्रू होती की आणखी कुणाची?

---

जुना कारकून

मेपलपुरीताई, शेवटच्या प्रश्नावर मी उत्तर देऊ शकतो. मी मंत्रालयात बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सात अभिलेख कक्षात.

सरकारी फाइलला दोन बाजू असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे आवक-जावक कागद. दुसऱ्या बाजूला टिपणी. टिपणीत कारकून लिहितो, वर कक्ष अधिकारी लिहितो, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री. कोणी काय मत दिलं, कोणाला काय माहीत होतं, कोणी 'चर्चा करावी' म्हणून वेळ काढला, सगळं टिपणीत. पत्र बाहेर गेल्यानं कोणाचं फारसं बिघडत नाही. टिपणी बाहेर गेली की पोटात गोळा येतो. आठवत असेल, २००६ मध्ये केंद्र सरकार माहितीच्या अधिकारातून टिपण्या वगळायला निघालं होतं. अण्णा हजारे ऑगस्टात आळंदीला उपोषणाला बसले होते ते त्यासाठीच. दुरुस्ती मागे पडली.

तेव्हा ताई सांगतात त्या अहवालात जे काळं केलं होतं ते मला टिपणीसारखं दिसतं. माणूस कसा होता याच्यापेक्षा, त्याला आत घेताना आपण काय लिहून ठेवलं, ते झाकायचं असतं.

अजून एक. आपल्याकडे रेकॉर्ड वर्गीकरण असतं. 'अ' कायमचं, 'ब' तीस वर्षं, 'क-१' दहा, 'क' पाच, 'ड' एक वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण, म्हणजे शेतातलं तण काढतात तसं कागद काढून नष्ट करायचे. कॅनडात असं काही झालं का?

---

बखरखोर

@जुना कारकून: झालं! अगदी हेच. १९८२-८३ च्या सुमाराला इमिग्रेशनच्या जुन्या फायली मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या, आणि मुद्दाम नष्ट केल्या असा आरोप झाला. देशेन आयोगानं चौकशी केली आणि हा नेहमीचा निंदणीकरणाचा भाग होता, कट नव्हता, असा निष्कर्ष काढला. (निंदणीकरण हा शब्द मला आज कळला. सुंदर आहे.)

---

जुना कारकून

कट नसतोच हो. कट करायला माणसं लागतात. निंदणीकरणाला नुसता एक आदेश आणि एक रद्दीवाला पुरतो.

---

रोखठोक

टिपणीचा मुद्दा मान्य. पण मग टिपण्या उघडा, नावं ठेवा झाकून. त्यानं पुतिनचंही फावणार नाही आणि काळा कोट यांचंही समाधान होईल.

---

करवीरकर

धाग्यावर उशिरा आलो. कोल्हापूरचा आहे, त्यामुळे यात आमचाही एक धागा आहे.

कोल्हापूरजवळ वळिवडे गाव आहे. १९४३ ते ४८ तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, नाट्यगृहसुद्धा होतं. आमची आजी त्या वेळी गांधीनगरच्या बाजूला राहायची, ती सांगायची की गोऱ्या बायका बाजारात येऊन मराठीत भाव करायच्या. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे. २०१९ मध्ये वृद्ध झालेली त्यातली काही 'मुलं' कोल्हापूरला येऊन गेली.

ही माणसं मूळची कुठली? पूर्व पोलंडची. स्टालिननं १९४० मध्ये सैबेरियाला हाकललेली, तिथून इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली. म्हणजे गॅलिशिया डिव्हिजनची पोरं ज्या भागातून भरती झाली, त्याच मुलखाच्या आसपासची. मागे राहिलेल्या पोलिश गावांचं काय झालं? २८ फेब्रुवारी १९४४ ला हुता पिएनियात्स्का हे गाव जाळलं, शेकडो माणसं मारली, बरीच कोठारात कोंडून. पोलंडच्या तपासानुसार त्यात गॅलिशियासाठी भरती झालेल्या स्वयंसेवकांची एसएस पोलीस रेजिमेंट होती.

वळिवड्याची छावणी उठल्यावर तिथली कुटुंबं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला पांगली. आता कल्पना करा, १९५० च्या दशकात टोरांटोतल्या एखाद्या कारखान्यात कोल्हापुरात वाढलेली पोलिश पोरगी आणि गॅलिशियाचा माजी सैनिक एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभे असू शकतात. दोघांनाही 'निर्वासित' हाच शिक्का. सरकारकडे एकाची पूर्ण फाइल आहे आणि ती दुसऱ्याला बघायची परवानगी नाही.

रोखठोक विचारतात नावं काढून काय मिळणार. तिला विचारायला पाहिजे. नोव्हेंबरच्या निर्णयाआधी ज्यांची मतं घेतली त्यात होलोकॉस्टमधून वाचलेल्यांना नीट विचारलंच नाही, अशी तक्रार तेव्हा झाली होती.

---

खाऊगल्ली

करवीरकर, अंगावर काटा आला. आजीच्या आठवणींवर वेगळा धागा काढा ना.

---

काळा कोट

करवीरकरांचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून अजून एक बाजू मांडते. ही माझ्याच आधीच्या मताविरुद्ध जाते. चालायचंच.

जॉन देम्यान्युक. अमेरिकेत क्लीव्हलँडला मोटारींच्या कारखान्यात काम करणारा युक्रेनी. ट्रेब्लिंका छावणीतला 'इव्हान द टेरिबल' हाच, म्हणून त्याचं नागरिकत्व काढलं, १९८६ मध्ये इस्रायलला पाठवलं, १९८८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. छावणीतून वाचलेल्यांनी कोर्टात त्याला ओळखलं होतं. मग सोव्हिएत युनियन कोसळलं, तिथले कागद उघडले आणि ट्रेब्लिंकातल्या पहारेकऱ्यांच्या जुन्या जबान्या सापडल्या. त्यात इव्हानचं आडनाव वेगळं, मार्चेंको. १९९३ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं फाशी रद्द केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अपील कोर्टानं म्हटलं की नाझींचा शोध घेणाऱ्या सरकारी कार्यालयानं त्याच्या बाजूचे कागद दडवले, ही न्यायालयाची फसवणूक आहे.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. हा माणूस निर्दोषही नव्हता. दुसऱ्या छावणीत, सोबिबोरला, तो पहारेकरी होता, हेही कागदांवरूनच सिद्ध झालं. २०११ मध्ये म्युनिकच्या कोर्टानं त्याला दोषी ठरवलं, अपील चालू असतानाच २०१२ मध्ये तो वारला.

मी आधी म्हटलं की यादी बंद ठेवली तर निरपराध वाचतो. देम्यान्युकच्या बाबतीत फायली बंद होत्या तोवर तो भलत्याच गुन्ह्यासाठी फासावर जायला निघाला होता आणि खरा गुन्हा बाजूला पडला होता. वकील म्हणून मला हे पचायला जड जातंय.

---

रोखठोक

हे मला माहीत नव्हतं. विचार करतो.

पण कॅनडात खटलेच चालत नाहीत ना? मग पुरावा उघडून उपयोग काय?

---

बखरखोर

चालले होते, आणि चारही पडले. आयोगानंतर १९८७ मध्ये कायदा बदलला, परदेशात केलेल्या युद्धगुन्ह्यांचा खटला इथे चालवता येईल असा. चौघांवर आरोप ठेवले, एकालाही शिक्षा झाली नाही. गाजलेला इम्रे फिंटाचा. हंगेरीच्या सेगेद शहरातून ८,६१७ ज्यूंना गाड्यांत कोंबून पाठवलं, तेव्हा हा तिथला सशस्त्र पोलिसांचा कॅप्टन. १९९० मध्ये ज्युरीनं सोडला, १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल चार विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवला. त्यानंतर सरकारनं फौजदारी खटल्यांचा नाद सोडला आणि नागरिकत्व काढण्याच्या मार्गानं गेलं. त्याचं पुढे काय होतं ते मेपलपुरींच्या गावच्या ओबरलँडरनी दाखवलंच.

बाकी देशांचंही एका दमात सांगतो. अमेरिकेत १९९८ च्या खास कायद्यानं नाझी युद्धगुन्ह्यांची ऐंशी लाखांवर पानं उघडली. सीआयए २००५ पर्यंत आढेवेढे घेत होती, कारण त्या कागदांत त्यांनी स्वतः नोकरीला ठेवलेले नाझी होते. जर्मनीत आइखमनच्या (ज्यूंना छावण्यांत पाठवण्याची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी) गुप्तचर फायलींसाठी एका पत्रकार बाईंना संघीय प्रशासकीय न्यायालयापर्यंत जावं लागलं, २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आइखमन कुठे लपलाय हे जर्मन गुप्तचरांना १९५२ मध्येच कळलं होतं, इस्रायलनं त्याला पकडलं १९६० मध्ये. आणि ज्या अर्जेंटिनात तो सापडला, त्या अर्जेंटिनानं २०२५ मध्ये आपले नाझींसंबंधीचे कागद सरळ इंटरनेटवर टाकले. अर्जेंटिना!

---

जुना कारकून

'परराष्ट्रसंबंध बिघडतील' हे वाक्य ओळखीचं वाटतं. आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधलं पहिलंच पोटकलम तेच आहे. वीस वर्षांपूर्वीची माहिती द्यावी लागते, पण या पोटकलमाला तीही सवलत लागू नाही. नेताजींच्या फायली मागणाऱ्यांना वर्षानुवर्षं हेच उत्तर मिळायचं. २०१६ मध्ये उघडल्या. कोणत्या देशाशी युद्ध झाल्याचं ऐकिवात नाही.

---

तलवारबाज

नेताजींचा विषय निघालाच आहे तर १९६२ च्या चीन युद्धावरचा हेंडरसन-ब्रुक्स अहवाल का बंद आहे ते विचारा त्या

(बाकीचा मजकूर संपादित. नेताजी आणि १९६२ साठी वेगळे धागे आहेत, कृपया इथे नको. – संपादक)

---

करवीरकर

@रोखठोक, तुम्ही टिपण्या उघडा आणि नावं झाका म्हणालात. मला आधी ते बरं वाटलं होतं. पण तसं झालं तर मंत्री कसा चुकला ते कळेल, हुता पिएनियात्स्काला कोण होतं ते कळणार नाही. आणि काळा कोट म्हणतात तसं, ज्या शेकडो लोकांविरुद्ध काहीच सापडलं नाही, तेही 'त्या यादीत होते म्हणे' यातच अडकून राहतील. प्रत्येक नावापुढे आयोगानं आपला शेरा लिहिलाय ना? आला नाही, वारला, पुरावा नाही, तपास करा. शेऱ्यासकट द्या. नुसती नावांची यादी देऊ नका.

---

काळा कोट

शेऱ्यासकट दिली तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही. जिवंत असलेल्यांपुरतं मी अजून अडून बसेन. ते आता किती असतील म्हणा.

---

रोखठोक

ठीक. शेऱ्यासकट असेल तर मीही मोडता घालणार नाही. पुतिनबद्दलची माझी चिंता कायम आहे. पण ही यादी १९८७ मध्ये उघडली असती तर आज पुतिनला तिचा काही उपयोग झाला नसता, हे मला काल रात्री सुचलं आणि मी स्वतःवरच चिडलो.

---

मेपलपुरी

सगळ्यांचे आभार. धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

काल बाबांना हे सगळं वाचून दाखवलं, अर्धं फोनवर, अर्धं व्हॉट्सॲपवर. काळा कोट यांचा प्रतिसाद त्यांना फार आवडला. म्हणाले, "आमच्या ठाण्यात गुंडांचं रजिस्टर असायचं. एकदा नाव चढलं की माणूस सुधारला, म्हातारा झाला, तरी गणपती आले की त्याला उचलायचं. शेऱ्याचा रकाना होता, पण कोणी वाचत नव्हतं. नावच वाचायचे." मी म्हटलं, बाबा, म्हणजे यादी बंदच ठेवायची का? तर म्हणाले, "तसं कुठं म्हटलं? रजिस्टर कपाटात होतं म्हणूनच शेरा कोणी वाचत नव्हतं." थोडा वेळ गप्प झाले आणि मग, "फलटणला मी एकाचं नाव काढायला लावलं होतं. तीन वर्षं लागली."

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. १९७९ मध्ये चार महिने कोरेगावला होते, ते फॉर्मवर लिहायचं राहिलंय. फॉर्म तर आम्ही पाठवून बसलोय. इथे कोणी अशी दुरुस्ती नंतर कळवली आहे का? पत्र पाठवायचं की ऑनलाइन होतं? अनुभव असेल तर सांगा.